एकेचाळीस नंबरची पुडी

मी नोकरीत काय करीत होते हे सांगायला मला नेहमी दोन वाक्ये लागतात. पहिल्यात मी म्हणते, "कापसाच्या तंतूची लांबी मोजत होते." ऐकणारा थांबून राहतो, त्याला वाटते, खरे काम आता पुढे येईल. मग दुसऱ्या वाक्यात मला कबूल करावे लागते की काम एवढेच होते, आणि ते डोळ्यांनी नव्हे, बोटांनी करायचे होते.

राज्य निजामाचे होते. पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यामागे, कडुनिंबांच्या रांगेत, दोन खोल्यांचे एक सरकारी नमुनाघर होते. भोवतालच्या गावांतला कापूस कोणत्या प्रतीचा आहे हे तिथे ठरे आणि तसे कार्ड हैदराबादच्या दफ्तराकडे रवाना होई. बाहेरच्या खोलीत मुहतमिमसाहेब, म्हणजे आमचे अधिकारी, बसत. आतल्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी होती आणि तिच्याखाली माझे टेबल. माझे वडील एका जिनिंगमध्ये पारखी होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपली विद्या माझ्या बोटांत घातली. ते गेल्यावर आई आणि मी अशा दोघींचे घर त्या विद्येवर चालले.

ती विद्या सांगायला सोपी आहे. कापसाचा पुंजका घ्यायचा, सरकीपासून तंतू सोडवायचे, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून ओढायचे. आखूड तंतू गळून जातात, लांब उरतात. पुन्हा धरायचे, पुन्हा ओढायचे. आठदहा वेळा असे केले की विस्कटलेल्या धुक्याची एक सरळ, रेशमी बट होते. ती काळ्या मखमलीवर निजवायची आणि पट्टी लावायची. इंचाचे सोळा भाग धरून त्यांना आम्ही आणे म्हणत असू. बारा आण्यांचा कापूस साधारण, तेरा आण्यांचा बरा. चौदा आण्यांची बट मखमलीवर आली की मी मिनिटभर तिच्याकडे नुसती पाहत राही.

पण पट्टी फक्त साक्षीला असे. लांबी बोटांना आधीच कळलेली असायची. तंतू सुटताना जो बारीक आवाज होतो, तो ऐकायला खोलीत शांतता लागे. सकाळी नदीकडून दमट हवा येई, तेव्हा पुडी उघडायची नाही. बाबा सांगत, "सुमे, कापूस हवा पितो. त्याला आधी बसू द्यावं, मग विचारावं." आणि मन अस्वस्थ असेल त्या दिवशी मोजायचे नाही. भीती बोटांच्या शेवटाला घाम होऊन येते, आणि घामेजल्या बोटांना प्रत्येक कापूस लांब वाटतो. हे वाक्य मी तेव्हा शहाणपणाचे म्हणून ऐकले. त्याचा अर्थ मला पुढे कळला.

नियम तीन होते. पुडीवर मालकाचे नाव नसे, नंबर असे. कोणता नंबर कुणाचा, ती यादी मुहतमिमसाहेबांच्या पेटीत कुलूपबंद. बोटांना ओळखीपाळखी नसाव्यात, हे त्यामागचे कारण. दुसरा नियम, मोजण्यापूर्वी नमुना निवडायचा. पातेरा, माती, डागाळलेले तंतू सगळे वेचून काढायचे. आणि तिसरा, जो मला सुरुवातीला फार हास्यास्पद वाटे: काढलेला कचरा टाकायचा नाही. त्याची वेगळी चिमुकली पुडी बांधायची, तिच्यावर तोच नंबर घालायचा, वजन कार्डावर लिहायचे आणि पुडी वर्षभर ठेवायची. माझ्या मागच्या फळीवर अशा शेकडो पुड्या होत्या. आई म्हणे, कचऱ्याचा एवढा मान कुठल्या राज्यात नसेल.

गिऱ्हाइके नाना तऱ्हांची. एक व्यापारी होते, त्यांचा माझ्या बोटांवर विश्वास नव्हता, मांजरावर होता. ओल्या गठाणीवर मांजर बसत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. माल कोरडा आहे हे पटवायला ते आपले पिवळे मांजर टोपलीत घालून आणत आणि गठाणीवर सोडत. मांजर बसले की माझ्याकडे बघून म्हणत, "घ्या बाई, सर्टिफिकेट." एकदा ते मांजर पाणी मारलेल्या गठाणीवर, तेवढ्यापुरते ऊन पडले होते म्हणून, सुखाने झोपले. मी हात घालून ओलसर कापूस बाहेर काढला तेव्हा गृहस्थ मांजरावर रागावले, स्वतःवर नाही. मुहतमिमसाहेबांनी तो प्रसंग पुढे वर्षभर येईल त्याला सांगितला. "बिल्लीकू नौकरी दे देता था, बीबी," ते मला म्हणत, "लेकिन वो कार्ड नहीं लिखती." ते मला बीबी म्हणत. कविता हा आमच्यातला अदबीचा दुवा होता. ते अर्धी ओळ म्हणत आणि उरलेली अर्धी, अर्थ लागेल तसा, माझ्यावर सोपवून फाइलीत डोके घालत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

दुसऱ्या महायुद्धाची अखेरची वर्षे होती. एका गिरणी कंपनीने स्टेशनापलीकडे मोठे जिनिंग उभारले होते. कंपनीचे एजंट नरसिंगराव म्हणून होते. त्यांचा आवाज इतका मऊ, की ते काय म्हणाले हे माणूस गेल्यावर कळे. कंपनीने आपले म्हणून एक सुधारित बी आणले होते आणि आपल्या शेतीवर पेरून पाहिले होते. चुडाव्याकडच्या काळ्या जमिनीतल्या दहाबारा गावांत तेच बी पेरले जावे, गावरान बंद व्हावे, आणि कापूस कंपनीच्याच जिनिंगमध्ये यावा, असा सरकारी हुकूम तिला हवा होता. कुणाही कंपनीला असे काही हवे असणे स्वाभाविक आहे. पण हुकूम निघायचा तर त्याला आधार लागतो. तो आधार दुहेरी होता. एक, रयतेचा महजर, म्हणजे गावकऱ्यांनी अंगठे उठवून केलेला सामूहिक अर्ज. आणि दुसरा, आमच्या नमुनाघराचे कार्ड.

महजर गोळा करण्याचे काम माधवराव वकिलांनी घेतले. मी त्यांना काका म्हणत असे. आमच्या गावातले वाचनालय त्यांनी उभे केले होते. शाई, जुना कागद आणि उदबत्ती यांचा वास असलेल्या त्या खोलीत मी कविता वाचायला शिकले. वृत्त म्हणजे काय ते त्यांनी मला टेबलावर बोटे वाजवून दाखवले होते. नमुनाघरात बाईला नेमावे ही शिफारसही त्यांचीच. ते रयतेच्या हक्कांवर बोलत, आणि लोक ऐकत. त्या सुमारास सरकारच्या एका गश्तीने, म्हणजे परिपत्रकाने, परवानगी नाही या सबबीवर, ते वाचनालय बंद झाले होते. दाराला लाखेची मोहर होती. उन्हाने ती लाख दारावर ओघळली होती, आणि मी त्या बाजूचा रस्ता सोडून दिला होता.

पौषात दोन पुड्या आल्या. एकेचाळीस आणि बेचाळीस. निळा कागद उलगडला तेव्हा एकेचाळीसमधून एक पुसट आंबूस वास आला. कापसाला असे वास लागतात, कधी तेलाचा, कधी गोठ्याचा. मी फार लक्ष दिले नाही. आत काही तंतू पिवळे होते. कीड लागलेल्या कवडी कापसाचा पिवळेपणा मळकट असतो. हा उजळ होता, सोनेरी म्हणावा असा. तेही क्षणभर जाणवले, आणि गेले. मी सवयीने ते डागाळलेले तंतू वेचले, कचऱ्याची पुडी बांधली, नंबर घातला आणि चिमट घेतली.

तंतू ज्या आवाजाने सुटले तो मला आजही ऐकू येतो. नव्या कोऱ्या वस्त्राची घडी दूरच्या खोलीत कुणी उलगडावी, तसा. चौदा आणे, आणि वर एक केसभर. बेचाळीस उघडली. पातेरा, निम्मी अपुरी बोंडे, अकरा आणे. एकेचाळीस उत्तम, बेचाळीस हलका, असे कार्ड मी लिहिले आणि त्या दिवशीच्या गाडीने ते गेले. घरी जाताना मी प्रसन्न होते. चांगला कापूस हाताखालून जाणे हा माझ्या धंद्यातला सण होता.

चार दिवसांनी मुहतमिमसाहेबांनी यादी उघडली. एकेचाळीस: कंपनीचे सुधारित बी. बेचाळीस: गावरान. मला आश्चर्य वाटले. गावरान इतका उतरल्याचे वाईट वाटले. पण बोटांना ओळखी नसाव्यात.

मग फाल्गुनात गिरजाबाई आली.

ती चुडाव्याच्या अलीकडच्या एका वस्तीतली, स्वतःच्या दहा एकरांची मालकीण, नवऱ्यामागे शेत राखलेली. बाजारासाठी पूर्णेला आली की नमुनाघराच्या ओट्यावर टेकायची, पाणी मागायची. त्या दिवशी तिने पाणी मागितले नाही. तिने गावात दवंडी ऐकली होती की लवकरच हुकूम येणार आहे, यंदा मृगाच्या आत घरोघरची गावरान सरकी कंपनीच्या तेलघाणीत जमा करायची आहे, पेरायला कंपनी बी देईल, आणि कुणी जुनी सरकी ठेवली तर गुन्हा. ती ओट्यावर उकिडवी बसून म्हणाली, "बाई, आमचा कापूस एवढा खराब निघाला व्हय? वकीलसायेब म्हनले होते, अंगठा उठवा, तुमचा नमुना सरकारला धाडू, सरकार बघंल अन् गावरानाला हात लावनार न्हाई. म्हनून तर आमी सीतादहीचा दिला."

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कापसाची पहिली वेचणी आमच्याकडे देवाची असते. बाया शेतात जातात, दहीभात शिंपतात, पहिल्या बोंडांना हळदकुंकू वाहतात, आणि मग ओटी बांधून वेचायला लागतात. त्याला सीतादही म्हणतात. त्या वेचणीचा कापूस विकत नाहीत. तो घरात ठेवायचा आणि त्यातली सरकी पुढच्या वर्षी बी म्हणून पेरायची. सरकारने नमुना मागितला तेव्हा या लोकांनी बाजारचा माल दिला नाही. सरकार काय आणि देव काय, मागणाऱ्याला पहिले फळ द्यायचे, एवढ्या सरळ मनाने त्यांनी देवाचा वाटा काढून दिला.

"हळद लागलेला होता तसाच दिला बगा," गिरजाबाई म्हणाली. "निवडून द्यावा तर देवाचा. कसं निवडावं?"

मी ओट्यावरच बसले. आंबूस वास मला आता आठवला, आणि तो कशाचा होता हेही. तो उजळ पिवळा रंग कशाचा होता हेही. दह्याचा वास आणि हळदीचा रंग लेवून गावरान कापूस माझ्यासमोर आला होता, आणि मी, माझ्या धंद्याच्या शिस्तीने, त्याची खूण चिमटीने वेचून बाजूला ठेवली होती. नंबर वाटेत बदलले गेले होते. गावाचा कापूस कंपनीच्या नावाने उत्तम ठरला, कंपनीचा गावाच्या नावाने हलका. आणि त्यावर सही माझी होती.

गिरजाबाईला मी काही सांगितले नाही. तिने विचारले, "सरकी गेली तर मग बी कुठून आणावं, बाई? माज्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं हाय." एका वर्षात सगळ्या गावांची सरकी घाणीत गेली, की ते बी पुन्हा कुणाकडेही मागता येणार नव्हते. आणि मृगाला तीन महिने उरले होते.

ती गेल्यावर मी फळीवरून एकेचाळीस नंबरची कचऱ्याची पुडी काढली. उघडायचे धैर्य होत नव्हते. उघडली. वास गेला होता, पण पिवळे तंतू तसेच होते, आणि त्यांत अडकलेले वाळलेल्या भाताचे एक शीत. त्या एका शिताला मी इतका वेळ पाहत होते, की खिडकीतले ऊन माझ्या हातावरून सरकून गेल्याचे मला कळले नाही. कंपनीची शेती मजूर लावून चाले. तिथे सीतादही कोण घालणार होते?

दुसऱ्या दिवशी मी ती पुडी मुहतमिमसाहेबांसमोर ठेवली आणि जे कळले ते सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. हुकुमाचा मसुदा होता. त्याखालची तारीख आमच्या पुड्या येण्याच्या महिनाभर आधीची होती. म्हणजे निकाल आधी लागला होता, तपासणी मागून झाली. माझी बोटे फक्त शिक्का मारायला बसवली होती.

मी म्हणाले, मी तक्रार लिहिते. त्यांनी मान हलवली. तक्रार गेली तर ती ज्यांनी मसुदा केला त्यांच्याच टेबलावर जाईल, चौकशी नेमतील, चौकशी चालेल तोवर हुकूम थांबणार नाही, ही पुडी पुरावा म्हणून मागवतील आणि ती वाटेत हरवेल, आणि गिरजाबाईला जबाबाला बोलावतील. सगळे ते शांतपणे, एकेक बोट दुमडत सांगत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बीबी, सच बोलनेकू कागज नक्को, वखत होना. वखत अपने पास नहीं है."

आणि थोड्या वेळाने, फाइलीत डोके घालून, जणू अर्धी ओळ म्हणत आहेत अशा सुरात त्यांनी मला एक जुना नियम सांगितला. कार्डावर दुसऱ्या कुणी हरकत घेतली तर चौकशी. पण ज्या हाताने मोजले त्या हातानेच चूक कबूल केली, तर कार्ड त्याच दिवशी रद्द. विचारणा नाही, साक्ष नाही. मग नव्या नमुन्यावर फेरतपासणी. नवा नमुना म्हणजे नवी वेचणी, आणि नवी वेचणी म्हणजे पुढचा हंगाम. उरलेली अर्धी ओळ त्यांनी माझ्यावर सोपवली. ती मला लगेच कळली. मोजणाऱ्याने आपल्या बोटांची चूक एकदा लिहून दिली, की त्या बोटांना सरकारी मखमलीसमोर पुन्हा बसता येत नाही.

आठ दिवस मी काही केले नाही. ते आठ दिवस मला तपशिलाने आठवतात. हैदराबादची गाडी शीळ घाली, आणि मला वाटे, हुकूम हिच्यात आहे. डाकेची थैली ओट्यावर आपटली की मी मोजणी सोडून दाराशी जाई. त्या आठवड्यात मी मोजलेला प्रत्येक कापूस लांब भरला. मी पट्टी लावी, पाही, आणि आकडा खोडी. बाबांचे वाक्य असे खरे झाले. घरी आई विचारी, "हात का गं सारखे पुसतेस?" पगार बंद झाला तर घरात काय शिजेल, याचा हिशेब मी तिला सांगितला नाही, तिने तो माझ्या ताटाकडे पाहून केला असावा.

आठव्या दिवशी दुपारी माधवकाका आले. त्यांना सुगावा कसा लागला ते मला माहीत नाही. ते माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले, मखमलीवर बोटे ठेवली, आणि सवयीने वृत्त वाजवायला लागले. मग लक्षात येऊन थांबले.

"सुमती, वाचनालयाची मोहर पुढच्या महिन्यात निघतेय," ते म्हणाले. "परवानगी येतेय."

कशी येते आहे, हे मी विचारले. कंपनीचे लोक हैदराबादला वजिरांच्या बैठकीत बसतात, असे ते म्हणाले. नरसिंगरावांनी शब्द टाकला. त्या बदल्यात त्यांनी अंगठे गोळा केले. ते हे लपवत नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर दमलेल्या माणसाचा एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता. आपल्याकडे ना सभा भरवता येते ना वर्तमानपत्र काढता येते, ते म्हणाले. ज्यांचे ऐकले जाते त्यांच्या खांद्यावरून बोलायचे, एवढीच वाट उरली आहे. शंभर पोरांनी वाचायला शिकावे यासाठी दहा गावांनी बी बदलले, तर असे काय मोठे?

"आणि नंबर कुणी बदलले, काका?"

त्यांनी मखमलीवरची बोटे उचलली. "कंपनीचं बी इथे लागलं नाही यंदा. पुढच्या वर्षी लागेल. एका वर्षापुरतं ते झाकायचं होतं."

"गावांनी तुम्हांला देवाचा वाटा काढून दिला होता."

"मला ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले, आणि मला वाटते, ते खरे होते. शेतात कधी न उतरलेल्या वकिलाला हळदीचा डाग फक्त डाग दिसला असणार. पण तो मलाही डागच दिसला होता, आणि मी तर कापसाच्या घरात वाढले होते.

उठताना ते म्हणाले, "तुला त्या खोलीतली पुस्तकं नको आहेत का?"

हवी होती. किती हवी होती ते सांगून आज काय उपयोग? त्या बंद दाराआड माझे अर्धे वाचून ठेवलेले एक पुस्तक होते, आणि त्यातली खुणेची दोरी कोणत्या पानावर आहे हेही मला पाठ होते.

ते गेल्यावर मी हात धुतले, कोरडे केले आणि कागद घेतला. मी लिहिले: एकेचाळीस व बेचाळीस या नमुन्यांची मोजणी करताना हवा दमट होती, माझ्या बोटांची चूक झाली, कार्ड रद्द समजावे. खाली सही केली. या धंद्यात मी लिहिलेले ते एकमेव खोटे. त्या दिवशी हवा कोरडी होती. माझ्या बोटांनी इतके अचूक त्याआधी किंवा त्यानंतर कधीच मोजले नव्हते.

मुहतमिमसाहेबांनी कागद वाचला, त्यावर तारीख घातली आणि स्वतः स्टेशनावर जाऊन तो गाडीत दिला. परत आले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरची मखमल घडी करून माझ्या हातात ठेवली. सरकारी वस्तू अशी देता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. "घिसी हुई है," ते म्हणाले. "रजिस्टरमें लिख देता हूं." ती मखमल माझ्याकडे आहे.

हुकूम त्या मृगापूर्वी निघाला नाही. सरकी घरात राहिली आणि पेरली गेली. याचे श्रेय मला कुणी दिले नाही, कारण कुणाला सांगता येण्यासारखे ते नव्हते. उलट पूर्णेच्या बाजारात बोलवा झाली, की नमुनेवाल्या बाईच्या बोटांना काही कळत नव्हते, एवढे दिवस सरकारला फसवून पगार खाल्ला. मांजरवाले व्यापारी भेटले तेव्हा म्हणाले, "मी सांगत होतो ना बाई, मांजर बरं." मी हसले. त्यानंतर बरीच वर्षे मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवले, आणि सुईत दोरा ओवताना कापसाकडे न पाहण्याची सवय केली.

पुढच्या हंगामात फेरतपासणी झाली की नाही, हे मला समजले नाही. मग वारे बदलत गेले आणि अठ्ठेचाळीसमध्ये राज्यच बदलले. नरसिंगराव वर्षभराने नव्या टोपीत दिसले. आवाज तोच मऊ. माधवकाका नव्या कमिटीवर आले, आणि वाचनालयाची मोहर अखेर निघाली. आत कंपनीने दिलेले नवे शिसवी कपाट होते. मी गेले नाही, असे मला लिहिता आले असते. मी गेले. माझे पुस्तक जागेवर होते, दोरी त्याच पानात होती, आणि मी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले. काका पलीकडे बसले होते. आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

गिरजाबाई आली ती त्यानंतर दोनतीन वर्षांनी, मार्गशीर्षात. तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर मूठभर कापूस ठेवला. हळदीचे डाग, कुंकवाचा एक ठिपका, आणि तोच आंबूस वास. तिला काही माहीत नव्हते. कापूस नापास झाला होता आणि बाईची नोकरी गेली होती, एवढेच तिच्यापर्यंत पोचलेले.

"बगा बरं," ती म्हणाली, "आता तरी कळतंय का बोटाला. लय नाव ठेवत्यात लोक तुमाला."

मी खिडकी लावली, मखमल आणली. पिवळे तंतू मी वेचले नाहीत. ते तसेच ठेवून चिमट घेतली आणि ओढले, पुन्हा धरले, पुन्हा ओढले. दूरच्या खोलीत कुणी तरी वस्त्राची घडी उलगडली. पट्टी शोधायला मी उठणार होते, पण उठले नाही.

"चौदा आणे," मी म्हणाले. "आणि वर एक केसभर."

"म्हंजी चांगला?"

"चांगला होता गिरजाबाई. तेव्हाही."

मग तिने मखमलीवरची ती बट अलगद उचलली, पदरात बांधली, आणि बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाणी मागितले.